मंगळवारी दुपारी तीन वाजता

चर्चच्या स्त्रीसभेत दरवर्षी कुणीतरी सुचवतं, "संकटातल्या बहिणींसाठी काहीतरी करू या." सगळ्यांचे हात वर होतात. नाताळच्या आधी साड्या आणि चादरी वाटल्या जातात, अहवालात फोटो छापून येतो आणि विषय पुढच्या डिसेंबरपर्यंत मिटतो. साड्या वाईट नाहीत. पण जिला नवऱ्याने घराबाहेर काढलंय किंवा जिच्या डोक्यावर सावकाराचे तीन हजार आहेत, तिला चादरीपेक्षा एका दाराची गरज जास्त असते. दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच वेळी उघडं सापडणारं दार. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्याच, चार-पाच बायकांनी मनावर घेतलं तर ते उघडता येतं. पैसा फारसा लागत नाही, शिस्त मात्र बरीच लागते.

आधी वार आणि वेळ. रविवार बाद, कारण त्या दिवशी नवरा घरी असतो आणि तिचं बाहेर पडणं त्याच्या डोळ्यांवर येतं. सोमवारी धुण्याभांड्यांच्या कामाला रविवारचा ढीग साचलेला असतो, तेव्हा उशीर होतो. घरकाम करणाऱ्या बायकांचं दुसरं घर साधारण दोनला आटपतं आणि संध्याकाळची कामं पाचच्या पुढे सुरू होतात. म्हणून मंगळवारी किंवा बुधवारी तीन ते पावणेपाच. वस्तीत नळाला दुपारी पाणी येत असेल तर घड्याळ बाजूला ठेवून आधी नळाची वेळ विचारा. पाण्याच्या वेळेशी भांडून कुठलीही बैठक चालत नाही.

जागा चर्चच्या हॉलमध्ये असावी असं पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, वाटतं. पहिलं वर्षभर तरी नको. हिंदू, बौद्ध, मुसलमान घरांतल्या बायका चर्चच्या फाटकातून आत जाताना शेजारी पाहतात, आणि रात्री घरी त्याचा जाब विचारला जातो. वस्तीला लागून असलेली एखादी खोली, समाजमंदिर, दुपारी रिकामी असलेली बालवाडी चालेल. खाली सतरंज्या घालून गोल बसावं. समोर खुर्च्यांची रांग आणि टेबलावर फुलदाणी आली की बायका श्रोत्या होतात आणि तोंड उघडत नाहीत. खोलीला आतून कडी लावायची नाही, आणि स्वच्छतागृह जवळ हवं. ही साधी गोष्ट कितीतरी चांगल्या जागा नापास करते.

वीस बायकांमागे पाच कार्यकर्त्या लागतात. एक दारात, एक मुलांपाशी, एक चुलीपाशी, दोघी ऐकायला. मुलांपाशी दुसरी कुणी मिळाली तर फारच बरं, कारण आठ पोरं एका बाईला आवरत नाहीत आणि आईचं लक्ष तिकडेच राहतं. ऐकायला दोघी यासाठी की एकटीने ऐकलेलं एकटीच्याच डोक्यात राहतं, आणि उद्या कुणी उलटसुलट बोललं तर साक्षीला कुणी नसतं. ऐकण्याच्या वेळी पुरुष नको, पाळकही नको.

खाण्याबद्दल कंजुषी करू नका. येणाऱ्यांपैकी निम्म्या जणींनी सकाळच्या चहानंतर काही खाल्लेलं नसतं आणि बिस्किटाच्या पुड्याने ते भागत नाही. वीस जणींना दीड किलो जाड पोहे, एक किलो कांदे, पाव किलो शेंगदाणे, पाव लिटर तेल, आठ-दहा मिरच्या आणि दोन जुड्या कोथिंबीर पुरते. पोहे शिजवायच्या दहा मिनिटं आधीच भिजवून निथळावेत. तासभर आधी भिजवले तर त्यांचा गोळा होतो. चहाला एक लिटर दूध, तेवढंच पाणी, आल्याचा मोठा तुकडा. दोन-तीन जणींना साखरेचा त्रास असतोच, त्यांचा बिनसाखरेचा चहा आधी काढून ठेवा. मंगळवारी काहींचा उपवास असतो. त्यांच्यासाठी केळी आणि शेंगदाण्याचे लाडू असावेत, आणि उपवास कशाचा यावर एक शब्दही बोलू नये. आपल्या पंगतीत तिच्या व्रताचा मान राखला जातो हे तिला त्या केळ्यावरून कळतं. ख्रिस्ताबद्दल ती जे काही पुढे ऐकेल, त्याची सुरुवात तिथे झालेली असते.

दार उघडं म्हणजे काय

मदत आणि धर्म यांचा हा गुंता आपल्याकडे जुना आहे, आणि तो ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या नावाशी जोडलेला आहे. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा मुलींना शिकवायचं, धर्म कुणावर लादायचा नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतः सकाळी प्रार्थना करत तेव्हा खोलीचं दार उघडं असे आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. त्यावरून वादळ उठलं. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई थांबल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं. तिथे विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे हाताला काम देणारे उद्योग चालवले आणि समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन काढलं.

त्या वादात कोण बरोबर होतं, यावर आजही दोन तट पडतात. पण आपल्या मंगळवारच्या खोलीपुरता त्यातून एक नियम निघतो. दार उघडं ठेवायचं, पण ते दोन्ही बाजूंनी उघडं हवं: जिला प्रार्थनेला बसायचं तिला बसता यावं, आणि जिला उठून जायचं तिला न लाजता जाता यावं. यासाठी घड्याळात जागा करावी लागते. पोहे, कागदपत्रं, बोलणं सगळं चार वाजेपर्यंत उरकायचं. मग मोठ्याने सांगायचं, "आता आम्ही गाणार आणि प्रार्थना करणार. ज्यांना निघायचं त्यांनी खुशाल निघा, पुढच्या मंगळवारी या." त्यानंतर पूर्ण दहा मिनिटं थांबायचं. चपला घालायला, पोरं गोळा करायला तेवढा वेळ लागतो. प्रार्थनेनंतर धान्य वाटलं तर बसणं ही अट होते, तोंडाने काहीही म्हटलं तरी. म्हणून वाटप नेहमी आधी, आणि रांग न लावता, पिशवी घडी घालून हातात.

मंडळीत यावर कुरकुर होते. "मग सुवार्ता केव्हा सांगायची?" थांबलेल्या बायकांना सांगा, आणि त्यांना समजेल असं सांगा. बायबलमधल्या हागारेची गोष्ट घ्या. दासी, गरोदर, मालकिणीच्या छळाला कंटाळून रानात पळालेली, आणि देवाला 'पाहणारा' असं नाव देणारी. बारा वर्षं रक्तस्राव सोसलेली, वैद्यांवर सगळा पैसा गेलेली बाई घ्या. तिच्याबद्दल बोलताना सतरंजीवर कुणाला प्रस्तावना लागत नाही. अलीशा संदेष्ट्याकडे आलेली विधवा घ्या. सावकार तिच्या दोन मुलांना न्यायला निघालाय, आणि संदेष्टा तिला विचारतो की घरात काय शिल्लक आहे. एक तेलाची कुपी. मग शेजारणींकडून रिकामी भांडी उसनी आणायची, तेल विकून कर्ज फेडायचं. या गोष्टीत चमत्कार आहेच, पण कर्ज आहे, शेजार आहे, बाजारही आहे. गोष्ट पाच-सात मिनिटांची, वाचलेली नको, सांगितलेली हवी. शेवटी तात्पर्य काढू नका. "तुम्ही असता तर कुणाकडे भांडी मागितली असती?" एवढं विचारा आणि गप्प बसा.

प्रार्थनेतली एक चूक जवळजवळ प्रत्येक गटात होते, आणि ती करणारी बाई सर्वांत भाविक असते. "प्रभू, आमच्या या बहिणीचा नवरा दुसऱ्या बाईकडे जातो, त्याला सद्बुद्धी दे." झालं. वीस जणींना बातमी कळली, आणि तीही डोळे मिटून. दुसऱ्याची गोष्ट प्रार्थनेत मोठ्याने बोलायची नाही. 'एका बहिणीच्या घरासाठी' म्हटलं तरी देवाला पत्ता लागतो. डोक्यावर हात ठेवण्याआधीही विचारावं, कारण मार खाणारी बाई वर उठलेल्या हाताने दचकते.

साक्षीचंही, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर सांगण्याचंही, तसंच. जखम ओली असताना बाईला रविवारी व्यासपीठावर उभं करू नका. ती नाही म्हणणार नाही, कारण तुमचे पोहे खाल्लेत. म्हणूनच विचारू नका.

ऐकणं, आणि काय बोलू नये

"सहन कर, प्रार्थना कर, एक दिवस तो बदलेल." हे वाक्य मंडळ्यांमध्ये इतकं मुरलंय की तोंडातून आपोआप निघतं. ते बंद करा. क्षमेचा उपदेशही त्या खोलीत नको. क्षमा करणं आणि मार खायला परत जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एक करून सांगितल्या की बाई मरू शकते.

काही खुणा ऐकल्या की कान टवकारायचे. नवऱ्याने गळा दाबला होता का? कोयता, चाकू, रॉकेल दाखवलं का? गरोदरपणात मारलं का? ती माहेरी गेल्यावर मागून येऊन धमकी दिली का? यातलं काहीही असेल, विशेषतः गळा दाबणं, तर 'पुढच्या मंगळवारी बघू' म्हणायचं नाही. 181 ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला 112. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवसांपर्यंत तात्पुरता आसरा, वैद्यकीय मदत आणि समुपदेशन एकाच छपराखाली मिळतं. मुंबईत पालिका रुग्णालयांमध्ये मार सोसणाऱ्या बायकांसाठी दिलासा केंद्रं आहेत. त्यांची सुरुवात 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात झाली. अनेक पोलीस ठाण्यांत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष असतो, ते काम मुंबईत 1984 पासून चाललंय. आपल्या भागातलं यांपैकी काय, कुठे, किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे बैठक सुरू करण्याआधी स्वतः जाऊन पाहून यायचं. नुसता नंबर लिहून ठेवणं ही तयारी नव्हे.

ती आज घरी परत जाणार असेल, आणि बहुतेकदा ती जातेच, तर पिशवीचं बोलून घ्या. आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, मुलांचे जन्मदाखले, रोजची औषधं, घराची जादा किल्ली, पाचशे रुपये, मुलांचा एकेक कपड्यांचा जोड. मूळ कागद नसले तर झेरॉक्स. पिशवी स्वतःच्या घरी ठेवू नये, विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवावी. दवाखान्यात गेल्यावर 'जिन्यावरून पडले' म्हणू नये. काय झालं ते सांगितलं तर केसपेपरवर नोंद होते आणि तीच नोंद पुढे कामाला येते.

नवऱ्याला समजवायला त्याच्या घरी जाऊ नका. मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन तर नकोच. तो समोर मान डोलावतो, बिस्किटं मागवतो, आणि तुम्ही वळणावर पोचायच्या आत 'बाहेर सांगतेस?' म्हणून तिला धरतो.

फोनचं विसरू नका. नंबर घेताना विचारा, "हा फोन कोण उचलतं?" व्हॉट्सॲप गटात कुणालाही घालू नका आणि आठवणीचे मेसेज पाठवू नका. वार आणि वेळ पक्की ठेवण्याचं खरं कारण हेच, की निरोपाची गरजच पडू नये. हजेरीच्या वहीत फक्त पहिलं नाव. बाकी नोंदी दुसऱ्या वहीत, कुलुपात. फोटो अजिबात नाही, देणगीदारांनी मागितला तरी पोह्यांच्या पातेल्याचा पाठवा.

आणि एखादी 'जगून काय करू' म्हणाली तर ते वैतागाचं बोलणं समजून सोडू नका. सरळ विचारा की जीव द्यायचं मनात येतं का. विचारल्याने कल्पना डोक्यात भरत नाही, उलट तिला पहिल्यांदा ते मोठ्याने बोलता येतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही. तिच्यासोबत बसून फोन लावा.

कागदांची फाइल

आशा हा शब्द या खोलीत बऱ्याचदा प्लास्टिकच्या फाइलच्या रूपात येतो. परित्यक्ता, विधवा, निराधार बाईला संजय गांधी निराधार योजनेत महिना 1500 रुपये मिळतात. वय 18 ते 65 आणि वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं. अर्ज तहसीलमध्ये किंवा सेतू केंद्रात करायचा. तो अडतो दोन ठिकाणी. पहिलं, नाव: आधारवर माहेरचं आडनाव, रेशन कार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. अर्ज भरण्याआधी सगळे कागद सतरंजीवर शेजारी-शेजारी मांडून नाव अक्षर-अक्षर ताडून पाहा, वेलांटीसकट. दुसरं, बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं, आणि मंजुरी येऊनही पैसे येत नाहीत. आई एकटीने मुलं सांभाळत असेल तर बालसंगोपन योजनेचीही चौकशी करा. ती महिला व बालविकास विभागाकडे असते.

घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यात वकिलाशिवायही दार ठोठावता येतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं, तो घटनेचा अहवाल भरून घेतो आणि न्यायदंडाधिकाऱ्यापुढे अर्ज जातो. कायदा म्हणतो, पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात लांबतं. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर तिसऱ्या तारखेला ती हात टेकते. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे, हे बहुतेकींना माहीतच नसतं. वकील लागलाच तर 1987 च्या विधी सेवा कायद्याने बाईला उत्पन्न कितीही असो मोफत मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते.

ख्रिस्ती बाईसाठी दोन जादा गोष्टी. लग्नाचा दाखला हरवला असेल तर ज्या मंडळीत लग्न लागलं तिथल्या नोंदवहीतून उतारा मिळतो. पाळकांनी तो नवऱ्याची परवानगी न विचारता द्यावा, ही अपेक्षा स्त्रीसभेने चर्चच्या पंचायतीपुढे ठणकावून मांडली पाहिजे. आणि विधवेला, मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर, नवऱ्याच्या मालमत्तेत एक तृतीयांश वाटा 1925 च्या वारसा कायद्याने आहे. दिराने काहीही सांगितलं तरी.

पैसा

रोख द्यायची नाही, उसने तर मुळीच नाही. कार्यकर्तीने पाचशे उसने दिले की ती बाई पुढच्या मंगळवारी लाजेने येत नाही. पाचशेही गेले, बाईही गेली. त्याऐवजी सहा महिन्यांनी, रुळलेल्या दहा जणींचा बचत गट काढा. महिना शंभर रुपये धरले तर महिन्याला हजार, सहा महिन्यांत सहा हजार. त्यातून एकीला तीन हजार, महिना दोन टक्क्यांनी. दरमहा पाचशे मुद्दल फेडायची आणि व्याज उरलेल्या रकमेवर: साठ, पन्नास, चाळीस, तीस, वीस, दहा. सहा महिन्यांचं व्याज 210 रुपये, तेही गटातच राहतं. वस्तीतल्या सावकाराचा दर दहा टक्के असेल तर त्याच तीन हजारांवर तो दर महिन्याला तीनशे घेतो आणि मुद्दल हलत नाही. हा हिशेब खडूने फरशीवर मांडून दाखवा. त्या वेळी बायकांच्या चेहऱ्यावर जो राग येतो, तो फार उपयोगी असतो. खातं बँकेत, सह्या दोघींच्या, आणि गटाचा पैसा चर्चच्या दानाच्या पिशवीत एक दिवससुद्धा नको.

शिलाई मशीन देण्याची हौस आवरा. विकण्यासारखा ब्लाउज बेतायला शिकणीला सहा महिने लागतात, आणि तोवर मशीनवर कपड्यांचा ढीग चढतो. फॉल-पिकोपासून सुरुवात केली तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हातात पैसे येतात. फॉल आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावायचा. कोरा लावला तर पहिल्या धुण्यात तो आटतो, साडी खाली गोळा होते आणि गिऱ्हाईक परत येत नाही. टाके हाताने, दोरा साडीच्या रंगाचा, पुढून टाका दिसता कामा नये.

हसणं

सहाव्या-सातव्या आठवड्याला वीसच्या सात होतात. घाबरू नका. पाहायला आलेल्या गेल्या, गरज असलेल्या राहिल्या. गेलेल्यांपैकी काही पावसाळ्यात परत येतात, छप्पर गळायला लागलं की.

त्या सात जणींना गाणं हवं असतं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या काळापासून मराठी ख्रिस्ती भजनाला पेटी, तबला, झांजांची सवय आहे, तेव्हा कीबोर्ड नको. पुस्तकंही नकोत. निम्म्या जणींना वाचता येत नाही आणि पुस्तक हातात दिलं की त्या ते लपवायला लागतात. एकीने ओळ म्हणायची, सगळ्यांनी मागून. चाल येत असलेल्या बायकांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगा, माहेरच्या म्हणा, भावाच्या म्हणा. पाचव्या ओवीला कुणीतरी नवऱ्यावरची रचून म्हणतं आणि खोली हसून पडते. देवाच्या घरात असं चालतं का, असं कुणी विचारलं तर चालतं.

वाढदिवस साजरे करायचे म्हटलं तर गंमत होते. आधार कार्डावर निम्म्या जणी 1 जानेवारीला जन्मलेल्या, उरलेल्या शाळेत गेलेल्या असतील तर 1 जूनला. म्हणून जूनचा पहिला मंगळवार सगळ्यांचा. एकच केक, सुरी मात्र प्रत्येकीच्या हातात द्यायची. गजरे आणा आणि विधवांपासून माळायला सुरुवात करा. हळदीकुंकवाला ज्या दारातच राहतात त्यांना इथे पहिला मान. डिसेंबरात नाताळच्या करंज्या एकत्र लाटाव्यात, प्रत्येकीने घरी डबा न्यावा. मिळालेल्या पुड्यापेक्षा स्वतः लाटलेल्या दहा करंज्या ती शेजारी ताठ मानेने वाटते.

कार्यकर्त्यांनी बैठक संपल्यावर वीस मिनिटं आपसात बसायचं, ऐकलेलं तिथेच ठेवायचं आणि महिन्यातून एक मंगळवार आळीपाळीने सुटी घ्यायची. नाहीतर दुसऱ्या वर्षी त्यांना झोप लागत नाही आणि घरच्यांवर आवाज चढतो.

खोलीची किल्ली दोघींकडे असावी, आणि त्या दोघी एकाच लग्नाला जाणाऱ्या नसाव्यात. तीन वाजता कुलूप पाहून परत गेलेली बाई सहसा दुसऱ्यांदा येत नाही.